पालथं पात्र

संघदीप नदीपार झाल्याचा फोन मेडशीच्या घरी आला तेव्हा रविवारचे सकाळचे साडेआठ वाजले होते. दुर्गाबाई ओसरीवर ज्वारीचं पीठ चाळत होती. फोन तिच्या नातीनं, सुप्रियानं घेतला. सुप्रिया वाशिमला नर्स होती. धाकटा भाऊ अडकल्यापासून दर सुटीला घरी येत होती, आणि गेला आठवडा तर रजाच टाकून बसली होती. तिनं एका कानावर हात दाबून ऐकलं, दोनदा "खरं का?" विचारलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

तिची आई अंजना चुलीपुढं होती. पोरीचा चेहरा पाहून तिला वाटलं, वाईटच झालं. ती जागची उठली नाही. तव्यावरची भाकर करपत गेली.

"माय, घे," सुप्रिया म्हणाली. "तोच आहे. अर्धा मिनिट देऊन राह्यले."

अंजनानं पिठाच्या हातानं फोन घेतला. पलीकडून पोराचा आवाज आला.

"माय, मी जेवलो. भात होता. चांगला होता."

एवढंच. मग वकिलातीतला एक माणूस हिंदीत बोलला. चौदा मुलं सुखरूप आहेत, कागदपत्रं झाली की आठ-दहा दिवसांत दिल्लीला पोचतील. अंजना "हाव, हाव" म्हणत राहिली. फोन बंद झाल्यावरही म्हणत राहिली. मग तिनं काळी पडलेली भाकर हातानंच उचलली, आणि चटका बसला तेव्हा रडायला लागली.

"बोट भाजलं का वं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"नायी आत्याबाई," अंजना म्हणाली. मग बोट तोंडात घालून म्हणाली, "हाव."

दुर्गाबाईनं चाळणी बाजूला ठेवली. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला तर केसांत पीठ लागलं. दोघी त्याच्याकडं पाहून हसल्या, आणि त्या घरात चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी हसलं.

चार महिन्यांपूर्वी संघदीप कॉम्प्युटरची नोकरी म्हणून बँकॉकला गेला होता. तिथं उतरल्याबरोबर त्याला गाडीत बसवून नदीपलीकडं, म्यानमारच्या सरहद्दीवर नेलं. तारेचं उंच कुंपण, आत चारमजली इमारती. पासपोर्ट काढून घेतला. एका बाईचा फोटो लावून परदेशातल्या एकट्यादुकट्या माणसांशी गोड बोलायचं आणि त्यांना फसवायचं, हे त्याचं काम. नाही म्हटलं की उपाशी ठेवायचे, उन्हात गुडघ्यांवर बसवायचे. कुंपणाला पहारा तिथल्या एका हत्यारबंद टोळीचा होता आणि त्या मुलखात सरकारचं चालत नव्हतं. घरच्यांना हे सारं कळलं ते त्यानं चोरून केलेल्या तीन फोनांवरून.

दुर्गाबाईच्या मनात मात्र आज दुसरंही होतं. तिची दोन लेकरं घरापासून तुटली होती, एक नातू आणि एक लेक. नातू सुटला. आता लेक राहिला होता, आणि त्याला कुणी कोंडून ठेवलेलं नव्हतं. तो मानोऱ्याकडच्या टेकडीवर, विहारात, एसटीनं तीन-चार तासांवर होता. मरायच्या आधी त्यानं या घरात एकदा जेवावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

जगदेव चौकातून जवळजवळ पळतच आला. तो संघदीपचा बाप, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्याच्यामागं शेजारच्या मळ्याचा गोपाल होता, डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन. मळ्यातून बाजाराला निघाला होता तो तसाच इकडं वळला होता.

"मास्तर, घ्या, आज बाजार नायी," गोपालनं टोपली ओसरीवर उतरवली. "पोट्टा सुटला, भाजी घरीच खपवा. अन् काकू, म्या आमच्या महाराजाले नारळ बोललो होतो. आता तो फोडू का नको, ते तुमीच सांगा."

"फोड," मागून आवाज आला. "अन् खोबरं इकडं आनून दे."

दुर्गाबाईचा नवरा पुंजाजी वावरातून आला होता. ऐंशीला टेकलेला माणूस. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि तो रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन बसायचा. त्यानं चपला काढल्या, पाय धुतले, पाणी मागितलं, पाणी प्यायला, आणि मगच विचारलं, "हातपाय शाबूत आहेत ना त्याचे?"

"आहेत आबा," सुप्रिया म्हणाली.

"मंग झालं." तो भिंतीला टेकून बसला. हातातलं भांडं मात्र तसंच धरून राहिला.  

जगदेव बसला नाही. चार महिने तो बसलाच नव्हता. वाशिमला कलेक्टरकडं, मुंबईला, दोनदा दिल्लीला. त्याच्या पिशवीतली फाइल इतकी जाड झाली होती, की तिला सुतळी बांधावी लागायची. आपण बाप म्हणून कमी पडलो नाही, हे त्याला कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणत नव्हतं, म्हणून तो स्वतःच बोलत होता.

"शेवटी मंत्रीसाहेबाचं पत्र लागू पडलं," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना? वरून दाब पडला की सारं हलते. चॅनलवाल्याले बोलावलं म्या दुपारी. साहेबाचे आभार मानू. बा, तुमी मधात बसा. माय, तू पण चांगलं लुगडं नेस."

दुर्गाबाईनं सुप्रियाकडं पाहिलं. सुप्रियानं खाली पाहिलं. आजीला दिलेला शब्द तिनं दोन महिने पाळला होता. पण कॅमेऱ्यापुढं आजोबांना मध्ये बसवून खोटं बोलायचं, हे तिला पटेना.

"पप्पा, चॅनलवाल्याले नका बोलावू."

"काहून?"

"पत्रानं नायी सुटला तो. वकिलातीनं कागद केले, हे खरं. पण फाटक त्याईनं नायी उघडलं."

"मंग कोनं उघडलं?"

"काकानं."

जगदेवनं बापाकडं पाहिलं. या घरात काका म्हणजे एकच, आणि त्याचं नाव पुंजाजीसमोर निघत नव्हतं.

ते नाव पुंजाजीच्या बापाचं होतं, ग्यानबा. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या ग्यानबानं घरातले देव नदीत सोडले. पण पुंजाजीच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. त्या काळी त्यांच्या वस्तीतल्या माणसानं टोपली घेऊन घरोघर शिळी भाकर मागायची, हा हक्कच समजला जायचा. गावाची मेलेली ढोरं ओढायची आणि गावाची भाकर खायची. ग्यानबानं ती टोपली गावाच्या मधोमध पालथी टाकली आणि सांगितलं, आजपासून आम्ही घेत नाही. गावानं दोन महिने पाणी तोडलं, मजुरी बंद केली. दहा वर्षांचा पुंजाजी त्या दोन महिन्यांत कडुनिंबाचा पाला चावून झोपला होता. त्यानंतर या घरात कुणी हात पसरला नाही.

म्हणून धाकट्या लेकाला त्यानं तेच नाव ठेवलं. आणि तो लेक चिवर घालून, ज्ञानसार असं नवं नाव घेऊन, सहा वर्षं म्यानमारात शिकून, बारा वर्षांपूर्वी एका सकाळी याच अंगणात पात्र घेऊन उभा राहिला. पुंजाजी म्हणाला होता, "माह्या बापानं फेकलेली टोपली तू उचलून आनली. धडधाकट मानसाले आमी वाढत नायी. वावरात चल, निंदन कर, मंग जेव." भंते थोडं थांबून पुढच्या घरी गेले होते. आत दुर्गाबाई हातात भाकर घेऊन उभी होती. तिला ती नंतर कुणाला देता आली नाही आणि खाताही आली नाही.

"सांग," पुंजाजी म्हणाला. "काय केलं त्यानं?"

सुप्रियानं मोबाइल उघडला. भंतेंनी मघाशीच लिहून पाठवलेलं होतं, पण ती वाचेना, आपल्याच शब्दांत सांगू लागली.

"काका जिथं शिकले, तो विहार त्या कुंपणापासून दहा-बारा कोसांवर आहे आबा. तिथल्या मोठ्या भंतेले सयाडो म्हणतात. ते काकाचे गुरू. अन् ज्या टोळीचा पहारा आहे ना, तिच्या कमांडरची माय त्याच गावात राहते. चाळीस वर्षांपासून रोज सकाळी सयाडोच्या पात्रात पहिला भात तिचा. काकानं गुरूले सारं कळवलं, चौदा नावं पाठवली. सयाडो कमांडरकडं गेले. तो म्हणाला, हे माह्या हातात नायी."

"सारे हेच म्हणतात," जगदेव म्हणाला.

"दुसऱ्या दिवशी सयाडो भिक्षेले निघाले. मागं चाळीस भंते. कमांडरच्या मायच्या दारापुढं थांबले. ती भात घेऊन बाहेर आली. सयाडोनं पात्र पालथं केलं. मागच्या चाळीस जणांनीही केलं. थोडा वेळ तसेच उभे राह्यले अन् निघून गेले. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, रोज तेच. तुझं आम्ही घेत नायी."

पुंजाजीनं भांडं खाली ठेवलं.

"मंग?" गोपालनं विचारलं. तो बाजार विसरला होता.

"मंग टोळीचे लोक आले. हवेत गोळ्या झाडल्या. कोणी हललं नायी. वरून निरोप आला म्हणते, की तुमचं काम लोकाईले पंचशील द्यायचं, राजकारण करायचं नायी. सयाडो म्हणाले, मी कुठं राजकारण करून राह्यलो? मी फक्त जेवून नायी राह्यलो."

गोपाल हसला. "पक्का आहे बुढा."

"नवव्या दिवशी त्या बाईनं चूल पेटवली नायी. पोराले म्हणाली, मी मेल्यावर माह्या मातीले एक भंते येणार नायी. तुले चालत असंल तं चालू दे. काल दुपारी फाटक उघडलं."

"चौदाच काहून?" अंजनानं विचारलं. "आत तं लय होते म्हणत होता."

"चौदाच नावं होती आपल्याजवळ. संघदीपनं तिसऱ्या फोनवर सांगितलेली. आत अजून दोनशेच्या वर आहेत. सयाडोनं आज पात्र सरळ केलं, पण सांगितलं, बाकीची नावं आली की पुन्हा येतो."

जगदेवच्या हातातली फाइल त्याला एकदम जड वाटली. त्याला आनंद नव्हता असं नाही. पण चार महिने ज्यांच्या दारात तो उभा राहिला, त्यांच्यापैकी कुणाचंच नाव या गोष्टीत नव्हतं, आणि त्याचंही नव्हतं.

"एका बुढ्या भंतेवून जग नायी चालत," तो म्हणाला. "त्याच देशात चिवरवाले भंते बंदुकवाल्याईले आशीर्वादही देऊन राह्यले. म्या पेपरात वाचलं. आपल्याकडचे बाबा-महाराज पाह्य. निवडणूक आली की स्टेजवर. यांच्या हातात जग दिलं तं झालंच."

"काकानंही तेच लिहिलं पप्पा. आशीर्वाद देणारे पुष्कळ आहेत. पात्र पालथं करणारा हजारात एक."

"अन् वकिलातीनं धावपळ केली नसती तं पोट्टे नदीच्या इकडं उपाशीच मेले असते."

"हे पण खरं आहे. तुमची फाइल नसती तं त्याईच्याजवळ फोटो नसता, नंबर नसता. ओळखलं कसं असतं?"

जगदेवनं पोरीकडं पाहिलं. ती समजूत काढत होती की खरंच म्हणत होती, ते त्याला कळेना. पण तो पहिल्यांदा खाली बसला. अंजनानं त्याच्यापुढं चहा ठेवला.

पुंजाजी भिंतीपासून पुढं सरकून बसला.

"त्याले कोनं सांगतलं?" त्यानं विचारलं.

"कोणाले?"

"ग्यानबाले. घरचं त्याले कोनं सांगतलं? मी तं घरात नको म्हनून सांगून ठेवलं होतं."

दुर्गाबाईनं पदर सारखा केला. "म्या."

"कवा?"

"आषाढात. डोळे तपासाले वाशिमले गेली होती ना, तवा."

"डोळे तपासले का नायी मंग?"

"नायी. वाशिमले गाडी बदलली अन् मानोऱ्याले गेली."

गोपालनं तोंड फिरवून हसू दाबलं.

"पन्नास-साठ वर्षं झाली लग्नाले, खोटं नायी बोलली तुमच्याशी," दुर्गाबाई म्हणाली. "हे बोलली. जाऊन लेकाच्या पायावर डोकं ठेवलं. त्याईच्यात मायनं लेकाले वंदन करा लागते. तो माय नायी म्हनाला मले, उपासिका म्हनाला. म्या म्हनलं, काय म्हनाचं ते म्हन, माह्या नातवाले आन. आता काय बोलाचं ते बोला. पोट्टा सुटला, आज मी सारं ऐकून घेते."

अंजनानं सासूकडं पाहिलं. सासरे चिडले की दोन-दोन दिवस जेवत नसत, हे तिला माहीत होतं. एका आनंदाच्या दिवसाचं वाटोळं होणार, असं तिला वाटलं.

पण पुंजाजी भलतंच विचारत होता.

"त्या सयाडोचं वय काय असंल?"

"ब्याऐंशी," सुप्रिया म्हणाली.

"अन् नऊ दिवस उभा राह्यला?"

"रोज."

"गोळ्या झाडल्या तवाही?"

"हाव आबा."

पुंजाजीनं आपल्या पायांकडं पाहिलं. दोन फुटल्या नखांचे, मातीनं काळे झालेले पाय. धुऱ्यापर्यंत जायचं तरी त्याला आता दोनदा बसावं लागत होतं.

"माह्या बापानं टोपली टाकली, तवा पाटील घरी आला होता," तो म्हणाला. हे त्यानं पूर्वी कुणाला सांगितलेलं नव्हतं. "धमकी द्याले नायी. हात जोडाले. म्हने, ग्यानबा, भाकर घेत जाय बाप्पा, बरं नायी दिसत. मी लहान होतो. मले समजलं नायी, की ज्याच्या घरी कनग्या भरल्या आहेत, तो आपल्याले काहून भेते. आपून घेत नायी म्हनलं, की देनारा घाबरते."

जगदेवनं चहाचा कप हातातच धरला होता. त्यानं आजोबाची ती गोष्ट शाळेत मुलांना कितीदा सांगितली होती, पण पाटलानं हात जोडल्याचं त्याला आज कळत होतं.

"मले वाटलं, मागाले गेला माह्या बापाचं नाव टाकून," पुंजाजी म्हणाला. "पात्र पालथंही करता येते, हे मले कोठी मालूम होतं." थोडं थांबून तो म्हणाला, "त्याले इथं येता येते का? पावसाळ्यात बाहेर निघत नायीत म्हनतात."

दुर्गाबाई पटकन बोलली, "वर्षावास आहे. मुक्काम नायी करत. पन सकाळी निघून सांजच्याले परत गेले तं चालते. निमंत्रन द्या लागते. अन् ते घरच्या कर्त्यानं द्या लागते."

शेवटचं वाक्य तिनं स्वतःच्या पदरचं घातलं होतं. सुप्रियाला ते कळलं. तिनं नंबर शोधून ठेवला.

"लाव फोन," पुंजाजी म्हणाला.

सुप्रियानं फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून "मंगल हो" असा शांत आवाज आला. बारा वर्षांत त्यानं तो आवाज ऐकला नव्हता. थोडा जाड झाला होता. ग्यानबा म्हणावं तर ते नाव आता त्याचं नव्हतं. भंते म्हणावं तर जीभ वळेना.

"मी पुंजाजी बोलतो," तो म्हणाला. "मेडशीवून."

पलीकडं कुणी काही बोललं नाही.

"पोट्टा सुटला. समजलं असंल तुमाले." आयुष्यात पहिल्यांदा तो धाकट्या लेकाला तुम्ही म्हणत होता. "उद्या आमच्या घरी जेवाले यावं. जसं आहे तसं. आमी वाट पाहतो."

पलीकडं शांत होतं. पुंजाजी थांबला. ओसरीवर सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत होते. गोपालची वांग्यांची टोपली मधेच होती आणि एक माशी तिच्यावर फिरत होती. अजून काही उत्तर आलं नाही. पुंजाजीनं फोन हळूच कानापासून काढला आणि मांडीवर ठेवला.

"नायी येत," तो म्हणाला. "बरोबर आहे त्याचं. बारा वर्षं झाली."

"काय म्हनाले?" दुर्गाबाईनं विचारलं.

"काहीच नायी. गप राह्यला."

"काहीच नायी?"

"एक शब्द नायी."

दुर्गाबाई त्याच्याकडं पाहत राहिली, आणि मग तिनं तोंडाला पदर लावला. पुंजाजीला वाटलं, रडते. ती हसत होती. हसता हसता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अहो, भंते गप राह्यले म्हनजे हाव म्हनाले," ती म्हणाली. "जेवाचं निमंत्रन ते तसंच घेतात. नायी म्हनाचं असतं तं बोलले असते, की जमत नायी. विहारात लहान लेकराले इचारा, तेही सांगंल."

"मले कोनं सांगतलं नायी."

"तुमी इचारलं कोठी?" मग ती सुनेकडं वळली. "अंजना, बारा वाजाच्या आत जेवतात ते. मंग पान्यावर राहतात. जगदेव, गाडी सांग मानोऱ्याले, पाहाटेची. गोपाल, ही वांगी कोवळी आहेत ना बाप्पा?"

"काकू, माह्या मळ्यातलं वांगं कवा जून निघालं?"

"मांगच्या बुधवारी."

जगदेव उठून उभा राहिला. चॅनलवाल्याला नको म्हणून सांगायला त्यानं खिशातून आपला फोन काढला, मग आठवलं तसा म्हणाला, "गाडीत मी जातो आनाले." अंजनानं चुलीत काडी सारली. सुप्रिया आजीच्या हातातली चाळणी घेऊन पीठ चाळायला बसली. घरात एकदम सगळ्यांना काम लागलं.

पुंजाजीच्या मांडीवरचा फोन अजून उजळलेलाच होता. त्यानं तो उचलून पुन्हा कानाला लावला. पलीकडून फोन बंद केलेला नव्हता. विहाराच्या अंगणात कुणीतरी खराटा मारत होतं, त्याचा आवाज येत होता, आणि जवळच, अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास.

पुंजाजीही काही बोलला नाही. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून, फोन धरून तसाच बसून राहिला.